वीस पावलं मागे

संपाची नोटीस लागली त्याच संध्याकाळी मी वहीचं नवं पान उघडलं आणि वर लिहिलं : मलकपेठ ते जामबाग, बस नसेल तर. सरकारी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढली आहेत, की कुठलीही अडचण आली की माझा हात आधी पेनकडे जातो. घाबरायचं ते पान भरल्यावर.

यादी माझ्यासाठी नव्हती. माझा दवाखाना घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, मी चालतच जाते. यादी होती माझ्या नणंदेसाठी. ती जामबागेतल्या एका जुन्या कॉलेजच्या ऑफिसात फोन सांभाळते. सहाव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. रोज सकाळी ती घराजवळच्या थांब्यावर बस धरते, कोठीला उतरते आणि पांढरी काठी टेकवत दहा मिनिटांत कॉलेज गाठते. बारा वर्षं हे चाललं आहे, आणि एकटीनं.

एकटीनं, या शब्दावर आमच्याकडे दोन वर्षं वाद होता. माझे यजमान वारले तेव्हापासून. ते तिचे मधले भाऊ, ती त्यांना दादा म्हणायची. मोठे भाऊ, आमचे अण्णा, नांदेडला असतात. त्यांचं म्हणणं, दादा होता तोवर ठीक होतं. आता घरात दोन बायका, त्यातली एक आंधळी. नोकरी पुरे झाली, बहिणीनं नांदेडला येऊन राहावं. वाईट हेतू नाही. नांदेडच्या घरात तिला खोली आहे, वहिनी आहे, भाचरं आहेत. फक्त तिथे ती दारापासून दारापर्यंतच चालेल, आणि तेही कोणाचा तरी हात धरून.

बातमी पाहून अण्णांचा फोन आला.

"जय भीम. टीव्हीवर दाखवतायत, हैदराबादेत सगळं बंद होणार म्हणून."

"एका दिवसाचं आहे, अण्णा. अजून नक्कीही नाही."

"एक दिवस पुरतो. तिला सुट्टी घ्यायला सांग. नाहीतर मी येतो आणि घेऊनच जातो."

"त्या दिवशी कॉलेजची परीक्षा सुरू होतेय. पोरं सकाळपासून फोन करणार, परीक्षा आहे का नाही म्हणून. नेमकं त्याच दिवशी तिचं काम आहे."

"आणि रस्ता चुकली तर?"

मला राग आला. रागात मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "एकदा जरी रस्ता चुकली ना, तर मी स्वतः तिला नांदेडला आणून सोडीन."

"शब्द?"

"शब्द."

"मग परवा नऊ वाजता मला तिच्या ऑफिसातून फोन आला पाहिजे. तिच्या आवाजात."

फोन ठेवून वळले तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिच्यापासून काही लपून राहत नाही, घर दोन खोल्यांचं आहे.

"वा वहिनी. माझी पैज लावलीस, आणि मलाच न विचारता."

"ताई, मी तुझ्या बाजूनं बोलले."

"हौ, हौ. घोड्याच्या बाजूनंच लावतात पैज." आमच्यापासून रेसकोर्स जवळ आहे, तिचे टोमणे तिथपर्यंत सहज जाऊन येतात. "वाच आता, काय लिहिलंयस ते."

आमच्या घरात यादी मोठ्यानं वाचायची पद्धत आहे. किराणा, औषधं, बिलं, पाहुण्यांना काय द्यायचं, सगळं. मी ओळ वाचते, काम झालं असेल तर 'झालं' म्हणते आणि टिक करते. पेनाचा तेवढा आवाज तिला ऐकू येतो. कपाटात साखर आहे की नाही हे ती डबा उघडून बघत नसे. मी टिक केली म्हणजे आहे. माझ्या टिकेवर ती डोळ्यांसारखी विसंबायची.

आणि त्या सगळ्या वह्यांमध्ये एक टिक खोटी होती.

यजमानांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मी त्यांच्या वस्तूंची यादी केली होती. शर्ट, स्वेटर, छत्री, चष्मा, एकेक वस्तू कोणाकोणाला दिली. संध्याकाळी तिला वाचून दाखवली. शेवटची ओळ होती, फिरायला जायचे बूट.

"बूट कोणाला?" तिनं विचारलं.

"शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला." मी टिक केली.

बूट दिले नव्हते. तपकिरी कॅनव्हासचे, रबरी तळव्यांचे बूट. पिशवीत घालून मी माळ्यावर टाकले होते. का, ते सांगता येणार नाही. शर्ट घडी करता येतो. बुटांत पायाचा आकार राहतो. तो वॉचमन त्याच महिन्यात नोकरी सोडून गावी गेला, आणि माझी टिक कायमची निभावून गेली.

तर, पर्याय. बस बंद. ऑटोवाल्यांच्या संघटनांनी पाठिंबा दिलेला. मेट्रो चालेल की नाही हे कोणी छातीठोक सांगेना. कोणी म्हणे चालेल, कोणी म्हणे फक्त दुपारनंतर. मोबाइलवर बोलावायची दुचाकी तिला चालत नाही. एकदा बोलावली होती, तर तो चालक फोनवर सारखा विचारत राहिला की मॅडम, तुम्हाला मी दिसतोय का, आणि ती सारखी सांगत राहिली की मला कोणीच दिसत नाही. खालच्या मजल्यावरचे किराणावाले रोज सकाळी स्कूटरनं बेगम बाजारला माल आणायला जातात, ते वाटेत सोडू शकले असते. पण बेगम बाजारही बंद राहणार होता, आणि मालच नाही म्हटल्यावर त्यांनी उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं होतं. माझ्या सहकाऱ्याची गाडी उलट्या दिशेची.

"सात नंबर राहिला," मी म्हटलं. "चालत."

"मग पहिलाच तो लिहायचास. पान वाचलं असतं."

चालत साधारण तासाभराचा रस्ता. घरातून मोठ्या रस्त्यानं चादरघाटपर्यंत, मुसी नदीवरचा पूल, पुढचा चौक ओलांडून सरळ कोठी, तिथून तिचा रोजचा जामबागेचा रस्ता. त्यातलं शेवटचं तिला पाठ होतं. आधीचं सगळं ती बारा वर्षं बसमधून ऐकत आली होती, पायांना ते नवीन होतं. फोन रस्ता बोलून दाखवतो, पण रस्त्यावर ती कानात काही घालत नाही. कान तिला रस्त्यासाठी लागतात.

रविवारी आम्ही तालीम केली. मी शेजारून चालायचं, बोट लावायचं नाही, ती सांगेल तिथे खूण लिहायची. बेकरीतला खारीचा वास. स्पेअर पार्टच्या दुकानातलं घरघरणारं ग्राइंडर. हॉटेलातला कपबशांचा आवाज, तिथे फुटपाथ खचलेला आहे. मग पुलावर एकाएकी दोन्ही बाजूंनी वारा आणि नदीचा तो घाणेरडा वास. पूल संपला की पंक्चरवाल्याचा कंप्रेसर, तिथून मोजून चाळीस पावलांवर चौक. अकरा खुणा झाल्या. प्रत्येक मी लिहिली आणि घरी येऊन वाचली. तिनं त्या माझ्यामागे म्हटल्या आणि पाठ केल्या.

"उद्या मी येऊ का बरोबर? चौकापर्यंत?"

"तू आलीस तर अण्णाला काय सांगू? एकटी आले, पण वहिनी बरोबर होती?" मग जरा हळू म्हणाली, "वहिनी, मी नांदेडला गेले ना, तर मी मेले म्हणून समज. नाटक नाही करत. तिथे मला काही काम नाही."

मी मान हलवली, आणि ती तिला दिसत नाही हे आठवून "बरं" म्हटलं. पण तेव्हाच मनाशी ठरलं. तिच्यामागून जायचं. वीस पावलं अंतर ठेवून, काही न बोलता, कॉलेजचं फाटक येईपर्यंत. मग माघारी. तिला कधी कळणारही नाही.

एकच अडचण होती. ती आम्हा सगळ्यांना पायांवरून ओळखते. माझ्या चपला, माझे ऑफिसचे सँडल, घरातली स्लीपर, जिन्याखालून सांगते वहिनी आली म्हणून. तेव्हा मी माळ्यावरून ती पिशवी काढली. रबरी तळवे, आवाज होणार नाही. दोन जोड मोजे घातले की पायातून निसटणार नाहीत. मी ही गोष्ट एखादं काम आटोपावं तशी केली. बूट पुसले, नाड्या ओवल्या, दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटामागे ठेवले.

सकाळी सातला ती निघाली. "जाते," म्हणाली, आणि काठी उघडली. मी जिन्यात तिची पावलं खाली जाईपर्यंत थांबले आणि बूट चढवले.

बाहेर आल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की मला माझाच श्वास ऐकू येत होता. आमच्या मोठ्या रस्त्यावर हे कधी होत नाही. संप वाहनांचा होता, पण दगड येईल या भीतीनं दुकानदारांनीही शटर वर केली नव्हती. एखादी मोटारसायकल जायची, आणि ती गेल्यावर रस्ता आधीपेक्षा जास्त रिकामा वाटायचा. मेट्रोच्या जिन्याला दोरी बांधलेली. बसथांब्यावर सात-आठ माणसं उभी होती, रोजच्यासारखी, डबे घेऊन, बस येते त्या दिशेला तोंड करून. त्यांना बंद माहीत नसणं शक्य नव्हतं. कोणी बोलत नव्हतं. मी त्यांच्यासमोरून गेले तेव्हा सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. कदाचित बाईच्या पायात पुरुषी बूट म्हणून असेल.

ती पुढे, निळी ओढणी, काठी डावीउजवीकडे. मी मागे. पावलं मोजत होते.

बेकरी आली. बंद. वास नाही. तिची काठी तिथे क्षणभर अडखळली आणि पुढे गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही तालीम चालू शहरात केली होती. माझ्या अकराच्या अकरा खुणा उघड्या दुकानांच्या होत्या. ग्राइंडर बंद, कपबशा बंद, कंप्रेसर बंद. मी तिला एक शहर पाठ करून दिलं होतं आणि आज ते शहर तिथे नव्हतं. इतक्या वर्षांत स्टॉक तपासताना मी इतकी ढोबळ चूक केली नव्हती.

तरी ती जात राहिली. भिंतीचा अंदाज घेत, मध्येच हवेत तोंड वर करत. खचलेला फुटपाथ तिनं काठीनंच शोधला. मला अभिमान वाटला, आणि नेमकं त्याच वेळी मला तो आवाज ऐकू आला.

च्च.

माझ्या डाव्या पायातून येत होता. बुटाचा तळवा कधीतरी सुटला होता आणि चिकटवला होता. पाय उचलताना रबर जरासं ओढलं जाई आणि सुटे. च्च. एक पाऊल गप्प, एक पाऊल च्च. यजमानांबरोबर मी वर्षानुवर्षं चालले, मला तो कधी ऐकू आला नव्हता. इतर कुठल्याही दिवशी तो रहदारीत बुडाला असता.

मी पाय सपाट टाकून पाहिला. चवड्यावर चालून पाहिलं. मोठ्या बुटात ते जमेना, उलट आवाज वाढला.

पुलाच्या मध्यावर ती थांबली. मीही थांबले. खाली नदीचं काळं पाणी हलत नव्हतं. कावळे होते, पण तेही कठड्यावर गप्प बसलेले. तिनं मान किंचित तिरकी केली. ती ऐकते तेव्हा अशीच करते.

ती चार पावलं चालली. मी चार पावलं चालले. ती थांबली.

"दादा?"

ती वळली नव्हती. समोरच्या हवेला विचारावं तसं तिनं विचारलं, अगदी साधेपणानं, घरात कोणी आलं तर विचारतो तसं. मला क्षणभर खरंच वाटलं की माझ्या मागे कोणी आहे. मी वळून पाहिलं. पूल रिकामा होता.

मग ती वळली. तिचं तोंड बरोबर माझ्या दिशेला होतं. आणि तिनं बाहेरच्या माणसाशी बोलायच्या भाषेत विचारलं :

"कौन है? बोलते कायकू नै?"

मी हलले नाही.

"ये जूते कां से लाए तुम?"

मी तोंड उघडलं असतं तर तिथेच संपलं असतं. ताई, मी आहे. तीन शब्द. पण त्या तीन शब्दांमागे दुसरे शब्द होते : मी तुझ्यामागे आले, तुझ्यावर विश्वास नव्हता, आणि बूट मी दिले नव्हते. मी श्वास धरून उभी राहिले. आपण स्वतःच्या माणसासमोर भर दिवसा उभे आहोत आणि त्याच्या लेखी कोणी अनोळखी झालो आहोत, हे काय असतं ते त्या पुलावर कळलं.

तिनं पर्समधून फोन काढला. माझ्या हातातला फोन थरथरला. आवाज मी आधीच बंद करून ठेवला होता, मी तयारीची बाई आहे. पडद्यावर तिचं नाव. ती मला बोलावत होती, माझ्यापासून वाचवायला. मी फोन पोटाशी दाबून धरला. तो बराच वेळ थरथरला आणि थांबला.

मग ती निघाली, जवळजवळ पळत. पूल संपला. कंप्रेसर नव्हता, तेव्हा चाळीस पावलं कुठून मोजायची हे तिला कळलं नसणार. चौकाच्या अलीकडेच ती उजवीकडे वळली आणि एका गल्लीत शिरली. ही चुकीची गल्ली होती.

मी गल्लीच्या तोंडाशी बसले, बूट ओढून काढले आणि हातात घेऊन मोज्यांवर तिच्यामागे धावले.

गल्ली अरुंद, दोन्हीकडे गोदामांची शटर. काठीचा आवाज येत होता, पण शटरांवरून आपटून तो पुढूनही यायचा आणि मागूनही. एका वळणावर मी डावीकडे गेले, समोर भिंत. परत आले तेव्हा आवाज थांबला होता. मी त्या गल्ल्यांत किती वेळ फिरले ते घड्याळात पाहिलं नाही, आणि ही माझ्यासाठी नवी गोष्ट आहे. डोक्यात एकच चाललं होतं. मी शब्द दिला आहे, ती चुकली आहे, आणि तिला मी चुकवलं आहे. अण्णा येतील. तिची बॅग मीच भरीन, यादी करून. संध्याकाळी घरी मी वही उघडीन आणि वाचायला समोर कोणी नसेल. तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, की मी तिच्यामागे निघाले त्यात तिची काळजी निम्मीच होती.

शेवटी ती दिसली. एका जुन्या घराच्या पायरीवर बसली होती, हातात पाण्याचा पेला. शेजारी घरची म्हातारी, डोक्यावर दुपट्टा, तांदूळ निवडायचं ताट मांडीवर. नणंदेची पाठ माझ्याकडे होती. मी मोज्यांवर होते, तिला काही ऐकू गेलं नाही.

ती सांगत होती, "मेरा भाई मर को दो साल हुए, अम्मी. उसके जूते किसी को दे दिए थे. वो जूते मेरे पिच्छे पिच्छे आ रए."

"जूते आ रए?" म्हातारीनं विचारलं.

"जूते भाई के. चाल दूसरी."

म्हातारीनं मान वर केली आणि मला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ताटातला तिचा हात थांबला.

"अई माँ," ती म्हणाली. "एक औरत खडी है पिच्छे. हात में जूते पकड को."

माझ्यापुढे अजूनही वाट होती. वळून जाता आलं असतं. म्हातारीला मी माहीत नव्हते, आणि नणंदेला गोष्टीत एक अनोळखी बाई मिळाली असती, बस.

"ताई," मी म्हटलं.

पेला तिच्या हातात तसाच राहिला. मग तिनं दुसरा हात पुढे केला. मी बूट दिले. तिनं डावा बूट उलटा केला, अंगठ्यानं तळव्याची सुटलेली कड शोधली आणि दाबून सोडली. च्च.

"वॉचमनला दिले म्हणालीस."

"म्हणाले."

"टिक केलीस. मी ऐकली."

"केली."

"फोन केला तुला."

"हातात होता."

म्हातारी एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "कौन है ये तेरी?"

"भाबी है," नणंद म्हणाली. "घर की यादी इच लिखती." आणि मग मला, त्याच आवाजात, "दादाही यायचा, माहितीये? नोकरी लागली तेव्हा. पहिला सगळा महिना. वीस पावलं मागे. हेच बूट."

मला माहीत नव्हतं. मला ते सांगायचे की ऑफिसात लवकर बोलावलंय. मी दिनदर्शिकेवर तसं लिहूनही ठेवत असे.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"कशाला? त्याला बरं वाटत होतं. महिना झाला आणि एक दिवस आवाज आला नाही. मग मला बरं वाटलं." तिनं बूट मांडीवर सरळ ठेवले, जोडीनं. "म्हणून पुलावर आधी वाटलं, तोच आहे. मग चाल ऐकली. त्याची नाही. म्हणजे कोणीतरी त्याचे बूट घालून माझ्यामागे येतंय. वहिनी, मी इतकी कधी घाबरले नाही. तू गप्प उभी होतीस."

मी म्हटलं, "चौकाशीच काढले मी बूट. तुला आणखी घाबरवायला नको म्हणून."

तिची मान तिरकी झाली.

"कुठल्या चौकाशी?"

"गल्लीच्या तोंडाशी. तू आत शिरलीस आणि मी लगेच काढले. तिथून मोज्यांवर आले."

"मग गल्लीत इथवर कोण आलं?"

"म्हणजे?"

"मी या पायरीला अडखळेपर्यंत मागे च्च, च्च येत होतं. म्हणून तर पळत होते."

मी म्हातारीकडे पाहिलं. तिनं तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि शांतपणे सांगितलं, गल्लीत सकाळपासून हिच्याशिवाय कोणी आलं नाही. मग माझ्याकडे पाहून, मलाही त्यात धरून म्हणाली, "हौर तू."

शटरांवरून आवाज घुमत असेल. घाबरलेल्या कानांना मागचा आवाज पुढेही ऐकू येत राहत असेल. मी दोन्ही कारणं तिथल्या तिथे सांगितली. तिनं ऐकून घेतली, नाकारली नाही, मान्यही केली नाही.

"किती वाजले?"

"आठला दहा कमी."

ती उठली. काठी उघडली. म्हातारीला चौकाची दिशा विचारली, हात धरून नव्हे, बोलून. मग बूट माझ्याकडे न देता आपल्या पर्समध्ये कोंबले. टाचा बाहेर राहिल्या.

"आता तू इथेच थांबायचं. माझा आवाज जाईपर्यंत. आणि मग घरी."

"ताई, सगळ्या खुणा बंद आहेत आज."

"माहितीये. बेकरीपाशीच कळलं. तरी पुलापर्यंत आले ना?"

ती गेली. मी म्हातारीच्या पायरीवर मोज्यांत बसून काठीचा आवाज ऐकत राहिले. तो शटरांवरून सगळीकडून यायचा, मग एकीकडूनच, मग नाही. पाठोपाठ दुसरा काही आवाज येतोय का, तेही मी ऐकत होते. म्हातारीनं आतून जुन्या स्लीपर आणून माझ्यापुढे टाकल्या. "पैन ले," म्हणाली. "लोगां देखे तो क्या बोलते."

पाऊण तास त्या पायरीवरच बसले, पावणेनऊला परत पुलावर होते. कॉलेजच्या नंबरावर फोन लावला. वाजत राहिला. कट झाला. पुन्हा लावला. अर्धा पूल चालून झाला तेव्हा उचलला गेला.

"कॉलेज ऑफिस, बोला." धाप लागलेला आवाज, पण तिचाच, कामाचा.

"ताई, मी."

"परीक्षा वेळेवर आहे," ती म्हणाली. "ज्यांना वाहन मिळणार नाही, त्यांनी चालत निघावं." आणि फोन ठेवला.

नऊ वाजता तिनं अण्णांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. सव्वानऊला मी त्यांना लावला आणि सगळं सांगितलं, टिकेपासून स्लीपरपर्यंत. फक्त गल्लीतलं शेवटचं सोडून. रस्ता चुकली, पण माझ्यामुळे. शब्द माझा होता, मोडायचा असेल तर माझ्या नावावर मोडा.

अण्णा म्हणाले, "ती म्हणाली, पोचले. तू म्हणतेस, चुकली."

"दोन्ही झालं."

"एकटी पोचली?"

"गल्लीपासून पुढे एकटी. मी मोज्यांत होते, अण्णा."

त्यांना हसू आलं असावं, कारण खोकले. "राहू दे मग," म्हणाले. "पण ते बूट आता कोणाला तरी देऊन टाक."

बूट त्या संध्याकाळी तिच्या पर्समध्ये नव्हते. मी विचारलं. ती म्हणाली, दिले. कोणाला ते विचारलं, तर म्हणाली, "वहीत लिही, दिले. टिक कर." मी वही काढली, जुनी, दोन वर्षांपूर्वीची. त्या ओळीवर टिक आधीच होती. मी पेन धरून बसले आणि तिला पेनाचा आवाज ऐकू गेला नाही.

"केलीस?"

"आधीच केलेली आहे."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि उठून साखरेचा डबा उघडून हात घालून पाहिला. तेव्हापासून ती डबे उघडून पाहते. मी यादी वाचते, ती ऐकते, आणि नंतर जाऊन हात लावून येते.

संप पुन्हा झाला तर काय, याचं नवं पान मी केलं आहे. चालतचा रस्ता आता पहिल्या क्रमांकावर आहे, आणि खुणा तिनं स्वतः सांगितल्या आहेत : चढ, उतार, भिंती, वारा. बंद पडत नाही असं काहीतरी. गल्लीच्या आवाजाची ओळही मी लिहून ठेवली आहे, कारणं दोन, पुढे जागा रिकामी.

मी रोज दवाखान्यात चालत जाते. पंधरा मिनिटं. रहदारी असते तोवर काही वाटत नाही. पण सिग्नलला सगळं एकदम थांबतं, अशी काही क्षणांची शांतता रोज एकदा तरी होते. तेव्हा मी मान जराशी तिरकी करते. या शहरात कोणीतरी ते बूट घालून चालत असणार. कोण, ते तिला माहीत आहे. मला नाही.